कारखान्यातल्या युक्त्या, बचत गटाच्या कामाला



नागपूरच्या मनीषनगरमधून आम्ही एका बचत गटाच्या बाया बोलतोय. आम्ही अकरा जणी आहोत. तिखट, हळद, धणेपूड हा आमचा बारमाही उद्योग, आणि उन्हाळा लागला की पापड, कुरडया, मूगवड्या. आमच्यातल्या निम्म्या जणींची माहेरं खेड्यातली. त्यामुळे तुमच्या अंगणातलं वाळवण आम्हाला परकं नाही आणि तुमच्या गटातली भांडणंही परकी नाहीत.

आज आम्ही बोलणार आहोत ते वाया जाण्याबद्दल. तुम्ही म्हणाल, आपण बाया कुठे काही वाया घालवतो? शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, उरलेल्या ताकाची कढी होते, जुन्या लुगड्याची गोधडी होते. खरं आहे. मग आपल्या गटाच्या कामात वाया जातं तरी काय? आम्हालाही वाटायचं, काहीच नाही. उत्तर सापडलं ते एका भांडणातून.

एका पावसाळ्यात एका दुकानदाराने आमची तिखटाची चाळीस पाकिटं परत पाठवली. आत गोळे धरले होते, कुबट वास येत होता. बघितलं तर सील कोपऱ्यात सुटलेलं. सील मारायचं काम आमच्यातल्या एकीकडे होतं. झालं! सगळ्यांची बोटं तिच्याकडे वळली. "नुकसान तिच्या हिश्शातून कापा," असंही कोणी म्हणालं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

आमच्यातल्या एकीचा मुलगा बुटीबोरीच्या एका कारखान्यात कामाला आहे. त्याच्या कानावर हे गेलं. तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडे माल परत आला की कोणी केलं असं विचारत नाहीत. का झालं असं विचारतात. आणि एकदा नाही, पाचदा." आम्ही म्हटलं, बघू तर विचारून.

पाच वेळा ‘का’

पाकिटात ओल का शिरली? सील सुटलं म्हणून.

सील का सुटलं? पाकिटाच्या तोंडाला तिखटाची भुकटी लागली होती म्हणून. भुकटी मध्ये आली की प्लास्टिक नीट चिकटत नाही.

भुकटी का लागली? तिखट चमच्याने भरलं आणि तोंड पुसलं नाही म्हणून.

का पुसलं नाही? घाई होती म्हणून. सहाला गाडी येणार आणि भरलेली पाकिटं तिच्या हातात पडली साडेचारला.

साडेचारला का? कारण वजनकाटा एकच. तो सकाळपासून धण्याच्या कामात अडकलेला. आणि आमची रीत अशी की आधी सगळ्या मालाचं वजन आणि भरणं, मग सगळ्याचं सील, मग सगळी लेबलं.

पाचव्या ‘का’ला आम्ही गप्प झालो. चूक तिच्या हातात दिसली होती, पण होती आमच्या मांडणीत. ती रीत आम्ही अकरा जणींनी मिळून लावलेली होती. त्या दिवशी तिच्या जागी कोणीही बसली असती तरी पाकिटं परत आलीच असती.

आम्ही तिच्या घरी गेलो. ती परत आली. आणि मग तिने जे सांगितलं ते जास्त लागलं. पाकिटं नीट चिकटत नाहीत हे तिला तेव्हाच दिसलं होतं. "पण सगळ्या घाईत होत्या, थांबा कसं म्हणू?" ती म्हणाली.

हे आलं कुठून?

‘थांबा’ म्हणण्याचा मान देण्यापासूनच या कामाची गोष्ट सुरू होते. जपानमध्ये १८६७ साली जन्मलेला साकिची तोयोदा हा सुताराचा मुलगा. गावात घरोघरी माग होते, बाया कापड विणायच्या. त्याने मागात एकेक सुधारणा करत १९२४ साली असा स्वयंचलित माग तयार केला की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. त्यामुळे तुटक्या धाग्याचं वारभर खराब कापड विणलं जात नसे. चूक झाली की तिथेच थांबायचं, ही त्यातली खरी गोष्ट.

पुढे त्याच्या मुलाने मोटारींचा कारखाना काढला, तीच टोयोटा कंपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानकडे पैसा नव्हता, माल नव्हता. तिथले ताइची ओनो नावाचे अभियंते कारखान्यात फिरून बघू लागले की इथे काय काय होतं ज्याचे गिऱ्हाईक आपल्याला पैसे देत नाही. त्यांनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले. या साऱ्या पद्धतीला १९८८ साली अमेरिकेत ‘लीन’ हे नाव पडलं. लीन म्हणजे अंगावर फालतू चरबी नसलेलं, काटक.

आता आमच्यातली एक आजी म्हणाली, "बाई, हे तं कंपनीतलं काम आहे. आपल्याले काय कराचं त्याचं?" तिला आम्ही लिज्जतची गोष्ट सांगितली.

१५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायांनी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट घेतली आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. पावसातही काम चालू राहिलं! सुरुवातीला त्या दोन प्रकारचे पापड करत, एक चांगला आणि एक हलका, स्वस्त. त्यांना मदत करणाऱ्या छगनबाप्पा पारेख यांनी सांगितलं, दर्जा एकच ठेवा, तो कधी उतरू देऊ नका. पुढे काम वाढलं तेव्हा पीठ एका जागी मळायचं, बहिणींनी ते घरी नेऊन लाटायचं आणि वाळलेले पापड तपासून, तोलून घ्यायचे, अशी रीत बसली. म्हणून हजारो हातांनी लाटलेल्या पापडाची चव एकच लागते. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

त्या बायांनी ‘लीन’ हा शब्द ऐकलेला नव्हता. पण अडचण आली की मांडणी बदलायची, हे त्यांना कळत होतं. जपानीत अशा लहान लहान सुधारणांना ‘कायझेन’ म्हणतात. आजींना पटलं.

वाया जाण्याचे सात प्रकार

हे सात प्रकार आम्ही आमच्या खोलीत शोधले. तुम्हीही शोधा.

पहिला, मागणीपेक्षा जास्त करून ठेवणं. दिवाळीच्या आशेने आम्ही धणेपूड करून ठेवली आणि ती संक्रांतीपर्यंत पुरली, पण वास उडाला. दुसरा, वाट पाहणं. काटा मोकळा व्हायची वाट, चक्कीवर नंबर लागायची वाट, लाइट यायची वाट. मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर ज्यांनी वर्षानुवर्षं थांबून काढली, त्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. तिसरा, वस्तू इकडून तिकडे वाहणं. चौथा, गरज नसलेलं काम करणं. आम्ही प्रत्येक पाकिटाला दोन लेबलं लावत होतो, का ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पाचवा, साठा. कोपऱ्यात पडलेली पाकिटांची बंडलं म्हणजे आपलेच पैसे अडकून पडलेले. सहावा, अंगाची फुकट हालचाल. वाकणं, उठणं, शोधणं. सातवा, बिघडलेला माल. तो पुन्हा करावा लागतो किंवा फेकावा लागतो.

पुढे लोकांनी यात आठवा प्रकार जोडला, तो आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो. माणसाची अक्कल वापरायची नाही, हा तो प्रकार. सील सुटतंय हे जिला दिसलं तिला बोलता आलं नाही, तेव्हा आम्ही तिची अक्कल वाया घालवली.

या आठांकडे नीट बघा. तिखट सांडलं तर आपण ते भरून घेतो, कारण त्याला किंमत आहे. पण बाई दिवसभर उगाच चालली, वाकली, थांबली, तर कोणी मोजत नाही. का? आपण तिच्या वेळेची किंमतच धरलेली नसते. ज्याची किंमत धरत नाही ते वाया गेलेलं दिसत नाही. म्हणून पहिलं काम मोजण्याचं.

चिंचोक्यांनी मोजलं

आमची मालाची मांडणी एका भिंतीला आणि भरायचं टेबल समोरच्या भिंतीला. मध्ये चौदा पावलं. आम्ही मांडणीजवळ एक वाटी ठेवली. जी कोणी टेबलापासून मांडणीपर्यंत येईल तिने वाटीत एक चिंचोका टाकायचा. संध्याकाळी चिंचोके मोजले, चौसष्ट! जाऊन येऊन अठ्ठावीस पावलं, म्हणजे चौसष्ट खेपांची सतराशे ब्याण्णव पावलं. दोन फुटांचं एक पाऊल धरलं तरी एक किलोमीटरच्या वर चालणं, तेही खोलीतल्या खोलीत, हातात ओझं घेऊन. आम्ही टेबल सरकवलं. त्याला पैसा लागला नाही.

असंच वजनाचंही. दोनशे ग्रॅमच्या पाकिटात माप कमी भरणं हा तर गुन्हाच, आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही जातो. त्या भीतीने आम्ही अंदाजाने थोडं जास्त टाकत होतो. पाकिटामागे पाच ग्रॅम जास्त गेले, तर चाळीस पाकिटांमागे दोनशे ग्रॅम, म्हणजे एक अख्खं पाकीट फुकट. आता प्रत्येक पाकीट काट्यावर बरोबर करूनच पुढे जातं.

निवडा, मांडा, झाडा, ठरवा, पाळा

कारखान्यात याला ‘फाइव्ह एस’ म्हणतात. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके असे पाच जपानी शब्द. आम्ही आमचे शब्द केले.

निवडा: तांदूळ निवडतो तसं खोलीतलं सामान निवडायचं. लागतं ते ठेवा, लागत नाही ते काढा. ठरत नसेल त्याला लाल चिंधी बांधा. महिनाभर हात लागला नाही तर ते बाहेर. मांडा: प्रत्येक वस्तूला जागा, आणि रोज लागणारी वस्तू हाताच्या अंतरावर, कमरेच्या उंचीला. आम्ही भिंतीवर कात्री, चाळणी, कालथा यांचे आकार रंगाने काढले. वस्तू जागेवर नसेल तर रिकामा आकारच ओरडून सांगतो. झाडा: झाडताना बघायचंही. वायर कुरतडलेली आहे का, चाळणी फाटली आहे का, हे पुसतानाच कळतं. ठरवा: हे कोणी, कधी करायचं त्याचा नेम. पाळा: तो नेम रोज पाळायचा.

खरं सांगतो, पहिले चार एका रविवारात झाले. पाचवा अजून चालू आहे. पंधरा दिवसांत कात्री पुन्हा कोणाच्या तरी पिशवीत गेली होती. तेव्हापासून रोज घरी जायच्या आधी पाच मिनिटं आम्ही सगळ्या मिळून भिंत बघतो.

ढीग नको, ओघ हवा

आमची जुनी रीत ढिगाची होती. समजा साठ पाकिटं आहेत आणि तिघी जणी. एक वजन करून भरते, दुसरी सील मारते, तिसरी लेबल लावते. प्रत्येकीला पाकिटामागे एक मिनिट लागतं. पहिलीने साठही भरून मग ढीग दुसरीकडे दिला, दुसरीने साठही सील करून मग तिसरीकडे दिला, तर सगळं व्हायला तीन तास. पहिलं तयार पाकीट हाती येतं एकशे एकविसाव्या मिनिटाला. तोवर सील चुकत असेल तर साठही पाकिटं चुकलेली!

आता तिघी शेजारी बसतात आणि पाकीट झालं की लगेच पुढे सरकतं. पहिलं तयार पाकीट तिसऱ्या मिनिटाला, साठावं बासष्टाव्या मिनिटाला. आणि सील चुकलं तर दुसऱ्या-तिसऱ्या पाकिटालाच कळतं. हात तेच, मशीन तेच. कोणी हात भरभर चालवलेला नाही. फक्त ढीग गेला.

चूक होऊच नये अशी सोय

मोबाइलचं सिमकार्ड बघा. त्याचा एक कोपरा कापलेला असतो, म्हणून ते उलटं बसतच नाही. अशा सोयीला जपानीत ‘पोका-योके’ म्हणतात. "लक्ष देऊन काम करा" असं रोज सांगण्यापेक्षा चुकीला जागाच ठेवायची नाही.

आम्ही लांब नळीचं नरसाळं आणलं. ते पाकिटात खोल जातं, त्यामुळे तोंडाला भुकटी लागतच नाही. दुसरी सोय लेबलांची. जितकी पाकिटं तितकीच लेबलं मोजून काढायची. शेवटी एक लेबल उरलं, तर समजायचं की एक पाकीट बिनलेबलाचं गेलंय.

सामान संपण्याची चूकही अशीच टळते. घरात दोन सिलिंडर असले की एक संपला की दुसरा लावायचा आणि लगेच नंबर लावायचा. हीच ‘कानबान’ची युक्ती. पाकिटांचे आम्ही दोन डबे केले. पुढचा रिकामा झाला की त्यातली लाल पाटी खरेदी करणारीच्या खिळ्याला टांगायची आणि मागचा डबा पुढे घ्यायचा. पाटी टांगली नाही तर खरेदी नाही. त्यामुळे साठाही नाही आणि ऐनवेळी पळापळही नाही. आलेला नवा माल मागे, जुना पुढे. जो आधी आला तो आधी गेला पाहिजे.

खुणा सोप्या हव्यात. मुंबईचे डबेवाले १८९० पासून डबे पोचवतात, ते डब्यावरच्या रंगाच्या, अक्षराच्या, आकड्याच्या खुणांवर. आमच्या गटात दोघींना वाचता येत नाही, म्हणून आमच्या डब्यांनाही रंग आहेत. तिखट लाल, हळद पिवळी, धणे हिरवे.

आणि सील मारणारीच्या हाताशी आम्ही एक लहान घंटी ठेवली आहे. कोणालाही काही चुकतंय असं वाटलं तर घंटी वाजवायची. सगळ्यांनी थांबायचं. घंटी वाजवणारीला कोणी काही बोलायचं नाही, चूक निघाली नाही तरीही.

वाचलेला वेळ कोणाचा?

या सगळ्यानंतर एक नवं भांडण झालं, तेही सांगितलं पाहिजे. आधी आम्हाला सात वाजायचे, आता काम पाचला संपू लागलं. काहीजणी म्हणाल्या, मग सातपर्यंत आणखी माल काढू. काही म्हणाल्या, पोरांचा अभ्यास आहे, पाठ दुखते, आम्ही घरी जातो. दोन बैठका यावर गेल्या.

आम्ही असं ठरवलं की पाचला कुलूप. मागणी वाढली तर जास्त तास करू, पण त्या तासांचे पैसे वेगळे धरून. या युक्त्या बाईला जास्त पळवायला वापरल्या तर बाई आपली अक्कल देणार नाही. उद्या तिला सोपी रीत सुचली तरी ती सांगणार नाही, कारण सांगितलं की काम वाढतं. टोयोटाच्या पद्धतीतही माणसाचा मान राखणं हा एक खांबच मानला आहे. तो काढला तर उरते ती नुसती घाई, आणि घाईनेच तर आमची चाळीस पाकिटं परत आली होती.

गेल्या पावसाळ्यात दोन पाकिटं परत आली. त्यांच्यावरचा बॅच नंबर बघून कारण त्याच दिवशी सापडलं, आणि कोणाच्या हिश्शातून काही कापलं गेलं नाही.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर या आठवड्यात तीनच गोष्टी करा. एक दिवस चिंचोके टाकून खेपा मोजा. एक खराब झालेला नग घेऊन सगळ्या मिळून पाचदा ‘का’ विचारा. आणि एक वस्तू अशी काढा जी महिनाभर कोणी वापरलेली नाही. भिंतीवर तारीख घालून लिहून ठेवा.

पुढे शिकायचं असेल तर केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने १० मार्च २०२३ ला लीन योजना नव्याने सुरू केली आहे. तिचे बेसिक, इंटरमीडिएट आणि ॲडव्हान्स्ड असे तीन टप्पे आहेत. सल्लागाराच्या खर्चातला ९० टक्के वाटा सरकारचा, आणि बायांच्या मालकीच्या उद्योगांना आणखी ५ टक्के, असं योजनेत ठरलेलं आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती विनामूल्य होते. नागपुरात सेमिनरी हिल्सला या मंत्रालयाचं कार्यालय आहे. तुमच्या जिल्ह्यात जिल्हा उद्योग केंद्रात किंवा उमेदच्या ताईंकडे विचारा. जाताना एकट्या जाऊ नका, दोघी-तिघी जा.

आणि पुढच्या वेळी गटात माल परत आला, तर कोणाच्या घराकडे बोट दाखवायच्या आधी आमची आठवण काढा. कोणी केलं, हे नंतर. आधी विचारा, का झालं?